सियालदहची अंकभिशी

मराठे येतील या धास्तीनं कलकत्त्यात १७४२ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे शहरात आले नाहीत, खंदकही पुरा झाला नाही, आणि पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. सियालदह स्टेशनाजवळून तो जातो तिथं त्याला हल्ली आचार्य प्रफुल्लचंद्र रोड म्हणतात. त्याच्या आतल्या अंगाला, म्हणजे नेमकं जिथं आम्ही पोचू नये अशी योजना होती तिथं, मी भाड्यानं राहतो. घरमालकीण माशीमा मला लाडानं 'बर्गी' म्हणतात. पोरं निजली की देशावर चालून येतात असं इथल्या अंगाईत सांगतात, ते बर्गी आमचेच. वसुलीचा असा पिढीजात वारसा असल्यावर दिवाळी अंकांची भिशी चालवणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मला वाटलं.

व्हॉट्सॲपवर आमचा एक गट आहे. नागपूर, ठाणे, बडोदा, इंदूर, बेळगाव अशा गावोगावची मंडळी. एकमेकांना कुणीच प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, त्यामुळे प्रेम अपार. दिवाळी अंक आता परवडत नाहीत, तर प्रत्येकानं एकच घ्यावा, दहा दिवसांत वाचावा आणि यादीतल्या पुढच्याला टपालानं पाठवावा. सूचना मीच मांडली, अनुमोदन मीच दिलं, आणि बाकीच्यांनी अंगठे दाखवले. ते होकाराचे आहेत असं मी धरून चाललो.

भिशीचं मुख्य ठाणं कलकत्ताच का, याबद्दल मी एक लांबलचक निरोपही लिहिला. दिवाळी अंकाची प्रथा १९०९ साली 'मनोरंजन'नं पाडली. त्याचे संपादक काशीनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर, पण बंगालीच्या प्रेमापोटी मित्र झालेले. तेव्हा दिवाळी अंक हे बंगालचं माहेरचं लेकरू आहे, वगैरे. हा निरोप दोघांनी वाचला. त्यातला एक मी.

वेष्टनाचा कागद आणायला बैठकखाना बाजारात गेलो. हा बाजार कागदवाल्यांचा, आणि घाऊक. मी तपकिरी कागदाचे दहा ताव मागितले. दहा ताव मागणारा माणूस दाखवायला दुकानदारानं आतून भावाला बोलावून आणलं. शेवटी पाचशे तावांची रीम घेतली. हमाली वाचवायची म्हणून ती स्वतःच खांद्यावर मारली आणि कोले मार्केटातून निघालो. डोक्यावर भाजीच्या टोपल्या घेऊन धावणारे हमाल तिथं कुणासाठी वळत नाहीत. मी वळत राहिलो, आणि वळत वळत घराच्या उलट दिशेला कधी आलो ते कळलंच नाही.

पत्ता कसा लिहावा हे समजावं म्हणून यादीच्या माथ्यावर नमुन्यादाखल मी माझाच पत्ता टाकला होता. नमुना इतका उत्तम वठला की निम्म्या गटानं तोच जसाच्या तसा उतरवला. नोव्हेंबरभर सियालदहच्या जिन्यात अंक येत राहिले.

टपाल खात्याला नावं ठेवायची माझी फार इच्छा होती. विनोदी लिहिणाऱ्यांची निम्मी चूल त्यावर पेटते. पण वाटेत एकही अंक हरवला नाही. बेळगावच्या ताई पत्त्यात हट्टानं 'बेळगाव, महाराष्ट्र' असं लिहायच्या आणि खाली पिनकोड मात्र ५९०नं सुरू होणारा, म्हणजे कर्नाटकातला. सीमाप्रश्न आहे तिथंच आहे, अंक मात्र बिनबोभाट ये-जा करत होते. श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या संस्कृत कवीनं १५ ऑगस्ट १९७२पासून ही सहा अंकांची सोय करून ठेवली, ती आपल्यासारख्यांचे पत्ते वाचूनच असावी. नागपूरच्या काकांनी पाठवणाऱ्याच्या जागी इंदूर आणि घेणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव घातलं. खात्यानं अंक इमानानं त्यांच्याच दारात नेऊन दिला. काकांनी तो नवा समजून पुन्हा वाचला आणि 'यंदा सगळ्या अंकांत एकच साहित्य' असा अभिप्राय गटावर टाकला.

मग वसुली सुरू झाली. बडोदा म्हणे, आईचं वाचून व्हायचंय. इंदूरनं पाककृतींची पानं कापून घेतली होती आणि उरलेला अंक पाठवू का, असं ते अदबीनं विचारत होते. ठाण्याच्या सभासदांना स्वतःचं राशिभविष्य पटत नव्हतं. ते खरं ठरतं की नाही हे बघायला त्यांना अंक वर्षअखेरपर्यंत घरी हवा होता. मी 'सप्रेम स्मरण', मग नुसतं 'स्मरण', मग नुसतं 'नमस्कार' असे निरोप धाडले. नमस्काराला मात्र सगळ्यांनी उलट नमस्कार केला.

माशीमा हे सगळं खालून बघत होत्या. त्यांच्याकडचे शारदीय अंक पूजेच्या कितीतरी आधी बाजारात येतात आणि पूजेपर्यंत वाचून संपतात. सरस्वतीपूजेच्या दिवशी माझ्या नावानं आणखी एक पुडकं आलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमची दिवाळी अजून आटपली नाही?" मी म्हटलं, "वसुली चाललीय." त्यावर त्या इतक्या हसल्या की शेजारच्या बौदीही हसायला वर आल्या. या शहरानं खंदकावर उगाच खर्च केला, असं त्यांचं मत पडलं असावं.

पुडक्यात ज्योतिषाचा अंक होता. तो आमच्यापैकी कुणीच विकत घेतलेला नव्हता. मी घेतलेला जाडजूड कथांचा अंक मात्र अजून फिरतीवर आहे. शेवटचा तो बडोद्यानं पाहिला म्हणतात, बडोदा ठाण्याकडे बोट दाखवतं, आणि ठाण्यानं गट सोडला आहे. मुखपृष्ठावर कंदील आहे, आत पहिल्या पानावर निळ्या शाईत माझं नाव आहे. कुणा वाचकाच्या घरी तो सापडलाच तर कृपा करून पाठवा. टपालखर्च मी देईन. भविष्याचं पान ठेवून घेतलंत तरी हरकत नाही.