‘बाळ झोपलं की तूही झोप’ म्हणणाऱ्या समस्त हितचिंतकांस

सा. न. वि. वि.

बारशाला आलात, कुंची दिलीत, झबली दिलीत आणि दारात चपला घालता घालता तो सल्लाही देऊन गेलात : ‘बाळ झोपलं की तूही झोपून घे हो.’ झबली एव्हाना आखूड झाली. सल्ला मात्र अजून मापात बसत नाही.

तुमचं गणित चोख आहे. तान्हं मूल दिवसाचे 14 ते 17 तास झोपतं, म्हणजे मलाही तेवढे मिळायला हवेत. या हिशेबानं प्रत्येक बाळंतीण कुंभकर्णाची शूर्पणखेनंतरची धाकटी बहीण ठरते. अडचण किरकोळच. हे तास सुट्या पैशांत मिळतात. तान्ह्याच्या झोपेचं एक आवर्तन 50-60 मिनिटांचं, मोठ्या माणसाचं साधारण 90चं. माझं एक पुरं होईतो साहेबांची झोप आटोपलेली असते. रात्रीच्या अंगावरच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतंच. आणि दिवस-रात्रीचं घड्याळ बाळाच्या अंगात बसायला दोन-तीन महिने लागतात. तोवर त्याला झोप आणणारं दूध पाजायचं, तर जागायचं कुणी?

तरी मी तुमची आज्ञा पाळून पाहते. दुपारी मांडीवर पेंगलेल्या जिवाला झोळीत ठेवायचं, मानेखालचा हात बोट-बोट करत सोडवायचा. हात सुटतो आणि कुकरची शिट्टी होते. त्यातून निभावलं, तर कुरिअरवाला बेल वाजवतो. मग दुपटी वाळत घाल, वाटी-चमचा उकळ, ओव्याच्या धुरीसाठी निखारे बघ, आणि पाठ टेकणार तोच मामी येतात. (तुम्हीच त्या, मामी.) ‘झोपलाय होय? उठव की जरा, डोळे कुणावर गेलेत बघू!’ म्हणजे बाळ झोपलं की मी झोपायचं, आणि मी आडवी झाले की तुम्ही त्याला उठवायचं. नियमच लावायचा तर बाळ रडलं की मीही रडावं, आणि बाळाची मालीश चालली असताना मीही पाटावर तेल लावून पडावं. त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

एखाद्या रात्री तो सलग पाच तास झोपतो. सकाळी अभिनंदनं होतात. त्या पाच तासांत मी तीनदा उठून त्याच्या नाकाशी बोट धरलेलं असतं, शिवाय दूध दाटून ठणका लागलेला असतो. शेजारी बाळाचे बाबा शांत घोरत असतात. ‘मला ऐकूच आलं नाही गं’ म्हणतात आणि खरंच बोलतात. पण ऑफिसच्या फोनची नुसती थरथर त्यांना ऐकू येते.

जर्मनीत हजारो आई-बापांना त्यांच्या झोपेबद्दल विचारलं, 2019 साली निष्कर्ष छापून आले. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आईची झोप सरासरी तासाभरानं घटली, बापाची पाव तासानं. आणि चार-सहा वर्षांनीही दोघांची पहिल्यासारखी झालेली नव्हती. आपल्याकडच्या 2019च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. हे फक्त काम करणाऱ्यांचे आकडे आहेत. बहुसंख्य पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत, ते या सरासरीत नाहीतच. तेव्हा बाळ झोपल्यावर ती 299 मिनिटं कोण झोपवणार, तेवढं कळवावं.

किंवा असं करा, कळवू नका. येत्या रविवारी दुपारी दोनला सगळेच या. बाळ जागं असेल तर घ्या, झोपलेलं असेल तर दोरीवरच्या दुपट्यांच्या घड्या घाला. बाबांनाही कामाला लावा, त्यांना घड्या येतात, लग्नाआधी हॉस्टेलवर राहिलेत. चहा तुमचा तुम्हीच टाका. साखर वरच्या फळीवर, पोह्यांच्या डब्यामागे आहे. नाही सापडली तर बिनसाखरेचा प्या, पण मला उठवून विचारू नका.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक बाळंतीण