दार नाही, टकटक कशाला?

होतकरू स्ट्रीट फोटोग्राफरांना आमचं आग्रहाचं निमंत्रण आहे. काशी-कोलकात्याला कशाला जाता? नांदेड-लातूरला या. नांदेडला गोवर्धन घाटावर सकाळचं ऊन असं तिरपं येतं, की सुरकुत्या कोरल्यासारख्या उठून दिसतात. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. दुकानांची शटरं पडली की कुठल्या तरी पायरीवर तुमचा बेघर विषय निजलेला सापडतोच.

परवानगीची कटकट नाही. घरवाल्याचा फोटो काढायचा तर बेल वाजवा, "काका, काढू का?" म्हणा, वर चहा प्या. याला दारच नाही, टकटक कुठं करणार? झोपलेला असेल तर उत्तम. जागा माणूस केसांवरून हात फिरवतो, हसतो, आणि सगळं दारिद्र्य वाया जातं. फोटो कृष्णधवल ठेवा. रंगीत ठेवलात तर नेत्याच्या वाढदिवसाला वाटलेला टी-शर्ट नेत्यासकट दिसतो. खाली 'वेदना' किंवा 'अस्तित्व' लिहा. नाव विचारू नका. नाव कळलं की समोर माणूस उरतो.

कायदाही तुमच्याच बाजूनं. राज्याच्या 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्यानुसार भिक्षेसाठी स्वतःची जखम किंवा व्यंग दाखवणं म्हणजे भीक मागणं. भिक्षेसाठी स्वतःचं प्रदर्शन होऊ देणं हेही त्यातच. पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबता येतं. दिल्लीत उच्च न्यायालयानं 2018 मध्ये या कायद्याची मुख्य कलमं तिथल्यापुरती रद्द केली. आपण मात्र परंपरा जपणारी माणसं. तेव्हा त्यानं आपली जखम दाखवली तर भिक्षेकरी गृह, तीच तुम्ही दाखवली तर 19 ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनी, शाल-श्रीफळ.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. तेव्हा मंत्री पंकजा मुंडे यांनी मांजरा नदीवरच्या साई बंधाऱ्यावर सेल्फी काढली आणि राज्यभर गहजब झाला. त्यांनी निदान स्वतःचा चेहरा वापरला होता. दुसऱ्याचा वापरला असता तर बक्षीस मिळालं असतं!

एक सावधगिरी मात्र बाळगा. 2018 मध्येच एका इटालियन छायाचित्रकाराची मालिका वर्ल्ड प्रेस फोटोच्या इन्स्टाग्रामवर झळकली. त्यानं उत्तर प्रदेश-मध्य प्रदेशातल्या गरिबांपुढे टेबलावर खोटं अन्न मांडलं होतं. जगभरातून शिव्या पडल्या. नांदेडात हा प्रयोग जमणार नाही. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात अन्न खरं असतं, आणि एका पंगतीत बसलेल्यांमधला बेघर कोण नि बंगलेवाला कोण, हे तुमच्या महागड्या लेन्सलाही कळत नाही. तिथं वेळ घालवू नका.

आता त्या विषयाची एक क्षुल्लक अडचण. रेशनकार्डाला पासपोर्ट साइजचे फोटो लागतात. शहरात सर्वाधिक फोटो निघतात ते याच माणसाचे, पण त्याच्याकडे स्वतःचा एकही नाही. तेव्हा पुढच्या वेळी दोन प्रती त्याच्या हातात ठेवा: डोळे उघडे, मागं पांढरा पडदा, सुरकुत्यांवर ऊन नाही. कला शून्य, पण साहेबांना चालते. पत्त्याच्या पुराव्याची चिंता नको. तुमच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत त्याच्या चेहऱ्याखाली 'गंजगोलाई, लातूर' छापलेलंच आहे. तेवढं पान साक्षांकित करून द्या.