हौसेचं दुखणं

आपल्याकडे दुखण्यालाही कुळ लागतं. अपेंडिक्स, मुतखडा, पित्ताशय ही खानदानी घराणी. त्यांच्याकडे शहाळी येतात, मोसंबी येतात, पंधरा वर्षांत न भेटलेल्या आत्याचा फोन येतो. बायपास म्हणजे तर राजघराणंच. पण पोटाची सैल पडलेली कातडी कापून काढली आणि आतले स्नायू टाके घालून जवळ आणले, तेही पदरचे पैसे मोजून, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी आपल्या पोटाकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि शहाळं पुढे करावं की नाही अशा विचारात पडतो.

माझ्या टमी टकचं हे होणार, हे सासूबाईंनी आधीच ओळखलं होतं. मी दवाखान्यातून घरी यायच्या आतच त्यांनी सोसायटीत हर्निया जाहीर करून टाकला. ‘‘लोकांना काय ते कळलं की गप्प बसतात. नाही कळलं की बोलत बसतात,’’ असं त्यांचं म्हणणं.

आणि तसं पाहिलं तर हर्निया अगदीच परका नव्हता. गरोदरपणात पोटावरचे दोन उभे स्नायू मधोमध फाकतात, त्यांच्यामधली पट्टी ताणली जाते. पुष्कळ जणींचे बाळंतपणानंतर पुन्हा जवळ येतात. माझे दोन बाळंतपणांनंतरही आलेच नाहीत. व्यायाम झाले, प्लँक झाले. पण सैल पडलेल्या कातडीला व्यायामाचं काही सोयरसुतक नसतं. शेवटी शस्त्रक्रिया. विम्याच्या फॉर्मवर तिला ‘कॉस्मेटिक’ म्हणतात, म्हणजे विमा कंपनी आणि आत्याबाई यांचं या बाबतीत एकमत आहे.

हर्निया जाहीर झाल्याचा एक तोटा झाला. सोसायटीतले सगळे हर्नियावाले भेटायला आले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त काका तर खुर्ची जवळ ओढून म्हणाले, ‘‘जाळी बसवली का? कुठल्या कंपनीची?’’ मी उशी पोटाशी घट्ट धरली. ‘‘नाही हो, नुसते टाकेच,’’ सासूबाईंनी परस्पर उत्तर दिलं. काका जरा खट्टू झाले.

ती उशी हा त्या दिवसांतला माझा सर्वांत जवळचा नातेवाईक. खोकताना, शिंकताना, हसताना ती पोटावर दाबून धरायची. हसण्यावर बंदी घालता येते. नवऱ्याचे विनोद कामी आले, त्यांनी एकदाही टाके ताणले नाहीत. खरा शत्रू होता स्वयंपाकघरातला ठसका. लाल मिरचीची फोडणी पडली की मी आतल्या खोलीत डोळे पांढरे करायची. मग पद्धतच पडली. ‘‘फोडणी घालतेय गं!’’ असा पुकारा व्हायचा, मी उशी आवळून नाक धरून बसायची, आणि धूर विरला की स्वयंपाकाच्या मावशी डोकावून विचारायच्या, ‘‘झालं का, ताई?’’

पोटातून दोन नळ्या बाहेर आलेल्या, टोकाला प्लॅस्टिकचे फुगे. कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये साचणारं पाणी त्यांत उतरायचं. ते रोज मोजून लिहून ठेवायचं. चोवीस तासांत साधारण तीस मिलिलिटरच्या आत आलं की नळी निघते. नवऱ्याने त्यासाठी दुधाच्या हिशेबाची वही घेतली. दूधवाल्याचे खाडे एका पानावर आणि माझं पाणी समोरच्या पानावर.

झोपायचं ते पाठीला उंचवटा आणि गुडघ्यांखाली लोड घेऊन, म्हणजे मधली शिवण ताणली जात नाही. उठून चालायचं मात्र लगेच. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टर दुसऱ्याच दिवशी चालवतात. पण ताठ नाही, कमरेत वाकून. सरळ उभं राहायला पोटाची कातडीच पुरत नसते, ती हळूहळू सैलावते.

त्या वाकलेल्या दिवसांत मला शेजारच्या आजी सापडल्या. ऐंशी पार केलेल्या, कमरेत वाकलेल्या. इतकी वर्षं मी त्यांच्याशी बोलले होते, पण त्यांच्या डोक्यावरून. आता आम्ही दोघी व्हरांड्यात एकाच चालीने फेऱ्या मारायला लागलो, आणि पहिल्यांदाच नजर नजरेला भिडली. त्या उंचीवरचं जग वेगळंच असतं. लिफ्टची बटणं उंच वाटतात, माणसं बरीचशी पँटवरून ओळखावी लागतात, आणि बिल्डिंगमधली सगळी लहान मुलं आणि कुत्री मात्र नावानिशी माहीत होतात. आजींना ती सगळी माहीत होती. पिंट्याचा दात कधी पडला, कुठल्या भाडेकरूच्या चपला बदलल्या, सगळं. ‘‘हर्निया नाही ना गं हा?’’ एका फेरीला त्यांनी शांतपणे विचारलं. मी नाही म्हटलं. ‘‘वाटलंच. हर्नियाला इतकं कुणी खूश नसतं.’’

रात्री झोप नसायची, मग फोनवर वाचत बसायचे. अमेरिकेत हॉवर्ड केली नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने 1899 मध्येच पोटाची लोंबती चरबी कापून काढल्याची नोंद केली आहे, म्हणजे हे फॅड इन्स्टाग्रामचं नव्हे. ब्राझीलचे प्लास्टिक सर्जन इव्हो पितांगी यांचं मात्र मला फार कौतुक वाटलं. जगभरातले श्रीमंत त्यांच्याकडून सुंदर होऊन जायचे, आणि तोच माणूस रिओच्या धर्मादाय रुग्णालयात गरिबांवर शस्त्रक्रिया करायचा. 1961 मध्ये नितेरॉयच्या सर्कशीला लागलेल्या आगीत भाजलेल्यांवरही त्यांनी उपचार केले. कुठलं दुखणं खरं आणि कुठलं हौसेचं, अशी वर्गवारी त्यांनी बहुधा कुणाला विचारून केली नसावी.

पट्ट्याबद्दल बोलायलाच हवं. पोटावर आवळून बसणारा तो पट्टा साधारण सहा आठवडे, रात्रंदिवस. पहिल्यांदा तो पाहून सासूबाई म्हणाल्या, ‘‘एवढे पैसे? आम्ही जुन्या नऊवारीने पोट बांधायचो.’’ खरंच, माझंही बांधलं होतं त्यांनीच, दोन्ही वेळा, सव्वा महिना. तेव्हा शेक होता, डिंकाचे लाडू होते, अळिवाची खीर होती, ‘तू उठू नकोस’ होतं. पोट तेच आणि बांधणंही तेच. फरक एवढाच, की तेव्हा कुशीत बाळ होतं आणि आता कुशीत नुसती उशी. बाईने दुसऱ्या कुणासाठी पोट फाडून घेतलं की लाडू मिळतात. सासूबाईंच्या हे लक्षात आलं की नाही कोण जाणे, पण एक दिवस त्या डिंक तळायला बसल्या. वर म्हणाल्या, ‘‘गुडघ्यांसाठी करतेय, माझ्या.’’ डबा माझ्या उशाशी आला.

सपाट पोटाचं म्हणाल तर आधी ते आलंच नाही. सूज! काही आठवडे मी पूर्वीपेक्षा जाड दिसत होते, संध्याकाळी तर अधिकच. बेंबीखाली हात लावला तर दुसऱ्याच कुणाच्या पोटाला लावल्यासारखा वाटायचा, ती बधिरता महिनोन्‌महिने रेंगाळते. बेंबी आहे तीच, आपल्या देठावर जागच्या जागी. वरची कातडी खाली ओढून तिच्यासाठी नवं भोक पाडतात. म्हणजे खिडकी बदलली, पण बाहेर बघणारी तीच.

चार-पाच किलोंहून जास्त काही उचलायचं नाही, या नियमाने मात्र घर बदललं. भाजीच्या पिशव्या, पाण्याची बादली, गादीवरचा पलंगपोस झटकणं, सगळं आपापलं झालं. मुलाला गिरणी कुठे आहे हे वयाच्या सतराव्या वर्षी कळलं.

परवाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, ‘‘उत्तम. आता सगळं सुरू करा, वजनसुद्धा हळूहळू उचला. काळजी मात्र घ्या.’’ घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, ‘‘काय म्हणाले डॉक्टर?’’

‘‘काळजी घ्या म्हणाले.’’

मुलगा दळणाचा डबा घेऊन दारात होता. त्याला म्हटलं, ‘‘बाजरी वेगळी दळून आण हं.’’