बाजार बसला, गाडीही बसली

पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय मी विट्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षं शिकवला. त्यात घसाऱ्याचं प्रकरण माझं विशेष लाडकं. फळ्यावर एक यंत्र विकत घ्यायचं, त्यात बसवणीचा खर्च मिळवायचा, दरसाल दहा टक्क्यांनी त्याची किंमत उतरवत न्यायची आणि चौथ्या वर्षी ते भंगारात काढून हात झटकायचे. झटकताना खडूची पूड तेवढी उडायची. अशी दोनेकशे यंत्रं मी भंगारात घातली असतील, पण त्यापायी खिशातला रुपया कधी हलला नाही. निवृत्तीनंतर हेच ज्ञान स्वतःच्या ग्रॅच्युइटीवर तपासून बघायची बुद्धी मला झाली, ती दिल्लीच्या दाजींमुळे.

दाजींचं करोल बागेत गलाईचं दुकान आहे. आमच्या विटा-खानापूर-आटपाडी टापूत पाऊस कमी, म्हणून इथली माणसं पिढ्यानपिढ्या सोनंचांदी गाळायला देशभर पांगली. तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत कुठल्याही सराफ गल्लीत शिरा, आतल्या बोळात आमच्याकडचा एखादा पाव्हणा भट्टी लावून बसलेला असतो. आता योगायोग असा, की करोल बागेत सोन्याच्या जोडीनं जुन्या गाड्यांचाही मोठा बाजार आहे. त्यामुळे दाजींना पिवळ्या धातूइतकीच काळ्या गाड्यांचीही पारख आहे, असं दाजींचं मत आहे.

जुलै २०२५ मध्ये त्यांचा फोन आला.

"पाव्हणं, हितं साहेबी गाड्या वांग्याच्या भावानं चालल्यात. ऐंशी लाखांची गाडी पंधराला!"

"चोरीची?"

"छ्या! भ्यायलेली."

गाडी भ्यालेली नव्हती, मालक भ्याले होते. दहा वर्षांवरची डिझेल गाडी आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी दिल्लीत चालवायची नाही, हा दंडक तसा जुना. हरित लवादानं २०१५ मध्ये डिझेल गाड्यांवर बोट ठेवलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्का मारला. तरी लोक निवांत होते. १ जुलै २०२५ ला मात्र दिल्लीच्या पंपांवर कॅमेरे लागले आणि वय झालेल्या गाडीला तेलच द्यायचं नाही असा हुकूम निघाला. इतकी ओरड झाली की तो दोन-तीन दिवसांत बारगळला. पण ज्यांच्या गाड्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या, त्यांच्या पोटात गोळा आला तो आलाच. घरात उपवर मुलगी असावी तशी माणसं नऊ वर्षांच्या गाडीकडे बघू लागली. दिल्लीच्या बाहेर कुठंही द्या, पण यंदा उजवा.

मी तीन रात्री वहीत आकडेमोड केली. ऐंशी लाखांचा माल पंधराला मिळतोय, म्हणजे पासष्ट लाखांचा घसारा दिल्लीच्या कुणा भल्या माणसानं आधीच सोसलाय. माझ्या वाट्याला उरलाच किती? फळ्यावर हे गणित शंभर टक्के बरोबर आलं असतं. आमच्या हिनं वही पाहिली नाही, गल्लीत पाहिलं. "अहो, यंत्रमागाचे बीम घेऊन टेम्पो आला की शेजारच्यांची पायरी खरवडते. तुमचं धूड शिरणार कुठनं?" मी तिला पडत्या बाजारातच खरेदी करायची असते, हा सिद्धांत समजावला. त्यावर ती म्हणाली, "मग टोमॅटो पडल्यावर दोन क्रेट का नाही आणत?" या प्रश्नाला पुस्तपालनात उत्तर नाही.

१३ ऑगस्टला मी करोल बागेत पोचलो. एक दिवस उशीर झाला होता. आदल्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं होतं, की नुसत्या वयावरून सध्या या गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नका. म्हणजे रात्रीत सगळ्या गाड्यांना धीर आला होता. फोनवर साडेचौदा सांगणारा दुकानदार आता पंधरा-दहा म्हणाला. मी कारण विचारलं, तर खिशातून मोबाइल काढून त्यानं मला कोर्टाची बातमीच दाखवली. बाजार इतका वाचनप्रिय असतो हे मला माहीत नव्हतं.

जुनी गाडी कशी तपासायची याचे व्हिडिओ मी महिनाभर बघितले होते. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघायचा, पुरात बुडालेली गाडी असेल तर पट्ट्याच्या बुडाशी चिखलाची रेघ सापडते. गालिचा उचलून वास घ्यायचा. दाराच्या कडेचे नटबोल्ट बघायचे, रंग उडालेला असेल तर पान्याचा हात फिरलाय असं समजायचं. मी बारा गाड्यांचे बारा सीटबेल्ट ओढले. वास घेता घेता सर्दी झाली. वहीत प्रत्येक गाडीचे किलोमीटर टिपले आणि संध्याकाळी बघतो तर काय, बाराच्या बारा गाड्या बावन्न ते चौसष्ट हजारांच्या मध्ये! दिल्लीसारख्या अवाढव्य शहरात सगळी माणसं इतक्या शिस्तीनं सारखीच फिरतात, याचं मला कौतुक वाटलं. दाजी म्हणाले, "पाव्हणं, हितं काटा वाचायचा न्हाई, ब्रेकच्या पेडलाचं रबर वाचायचं." मी निवडलेल्या गाडीचा काटा अठ्ठावन्न हजार म्हणत होता. पेडलचं रबर देवळाच्या उंबऱ्यासारखं झिजलं होतं.

"डॉक्टर की गाडी है, सरजी," दुकानदार म्हणाला. "क्लिनिक से घर, घर से क्लिनिक."

डॉक्टरांचा पाय फार जड असावा.

तरी मी तीच घेतली. का, ते सांगतो. दुकानदारानं एक बटण दाबलं आणि ती एवढी थोरली काळीभोर गाडी सुस्कारा टाकत चार बोटं खाली झुकली. सामान चढवायला सोपं जावं म्हणून ही सोय, असं तो सांगत होता. मला मात्र वाटलं, तिनं मला वाकून नमस्कार केला. एकतीस वर्षांच्या नोकरीत अकरावी कॉमर्सच्या कुठल्या तुकडीनं इतक्या अदबीनं केला नव्हता. व्यवहार पावणेपंधरा लाखांना तुटला. मी बघितलेल्या कुठल्याही व्हिडिओत 'नमस्काराला भुलू नये' असं सांगितलेलं नव्हतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. जर्मन आहे, एवढं पुरे. माझ्या शहाणपणाची जबाबदारी त्या बिचाऱ्यांवर कशाला?

१४ च्या रात्री आम्ही निघालो. आम्ही म्हणजे मी आणि दाजींच्या दुकानातला एक पोरगा, कारण रात्री मोठ्या रस्त्यावर स्टिअरिंग धरायची माझी छाती नाही. सोळाशे किलोमीटरचा पल्ला. सकाळी अजमेर मागे टाकलं आणि पोरानं रेडिओ लावला. लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांचं भाषण सुरू होतं. तब्बल १०३ मिनिटांचं. गाडीत चौदा स्पीकर, त्यामुळे पंतप्रधान मागच्या सीटवर बसून बोलतायत असं वाटत होतं. बोलता बोलता ते म्हणाले, की जीएसटीत मोठी सुधारणा येतेय, दिवाळीला कर कमी होणार. पोरगा खूश झाला. मी चौदाही बाजूंनी ते ऐकलं आणि माझ्या पोटात बारीक काहीतरी हललं. नव्या गाड्या स्वस्त होणार असतील, तर जुन्यांचं काय?

पुढचं सगळं तारीखवार झालं. ३ सप्टेंबरला परिषदेनं निर्णय घेतला आणि २२ पासून तो लागू झाला. मोठ्या गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर असा पन्नास टक्क्यांचा बोजा होता, तो सरसकट ४० वर आला. नव्या साहेबी गाड्या लाखा-लाखांनी उतरल्या, तशा जुन्या त्यांच्या पायाशी आणखी खाली सरकल्या. मी सहज म्हणून सांगलीच्या एका दलालाला फोन केला. "अकरापर्यंत बघू," म्हणाला. सव्वा महिन्यात पावणेचार लाख! बाजार बसतोय म्हणून मी घेतली आणि मी घेतल्यावरही तो बसतच राहिला, हे वर्तन मला अनपेक्षित होतं. फळ्यावरची यंत्रं निदान ३१ मार्चपर्यंत दम धरायची.

पण मी पुढे गेलो. गाडी विट्यात आली त्या दिवसाकडे वळू. दिल्लीचा नंबर बघून गावात खळबळ उडेल, अशी माझी समजूत. कुणी मान वर केली नाही. जत्रेला, दिवाळीला इथं देशभरच्या नंबरांच्या गाड्या येतात, कारण गलाईवाले गावी येतात. लोकांनी फक्त एकच प्रश्न विचारला, "दुकान कुठं टाकलं म्हणायचं?" नाही म्हटलं तर कुणाला पटेना. शिक्षकाच्या पेन्शनीत असली गाडी येत नाही हे विट्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आठवड्यात गावभर झालं, की सरांनी दिल्लीत भट्टी घातली आणि इतकी वर्षं गप होते. २७ ऑगस्टला गणपती. त्याआधी मंडळाची पोरं आली, त्यातली निम्मी माझ्याच हाताखालून गेलेली. दरसाल पाचशे एकची पावती असते. या खेपेला पावतीवर आधीच लिहून आणलं होतं, अकरा हजार. "सर, तुमच्या हिशेबानंच धरलंय," म्हणाली.

आईची तऱ्हा वेगळी. ती शहाऐंशीची. गाडी बघून म्हणाली, "माडी आणलीस, जिना कुठाय?" मी बटण दाबलं. गाडी झुकली. आई आत बसली आणि रेणावीच्या रेवणसिद्धाला नारळ फोडून येईपर्यंत तिनं चार वेळा विचारलं, "मगाशी वाकली ती कुणासाठी? माझ्यासाठी?"

ऑक्टोबरात गाडी न सांगता वाकायला लागली. रात्री ताठ उभी केलेली गाडी सकाळी मागच्या उजव्या अंगावर बसलेली असायची, म्हैस अर्धवट बसते तशी. चावी फिरवली की पोटातून घरघर करत उठायची. पाठीमागच्या मागांच्या खटखटीत ती घरघर मिसळली की हिला वाटायचं, मी चोरून माग घातलाय. शेवटी फिटरला बोलावलं. तोही माझाच विद्यार्थी. घसाऱ्याच्या गणिताला मी त्याला शून्य दिलं होतं, हे आम्हा दोघांनाही पक्कं आठवत होतं.

तो खाली सरपटला, साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे मोजले आणि बाहेर आला.

"सर, हिला पाटे न्हाईत, चारी पायांत हवेचे फुगे हायत. त्यातला एक फुसकतोय. रातभर हवा जाती, सकाळी काम्प्रेसर भरतो. असंच चालवलं तर एक दिवस काम्प्रेसरबी जळंल."

"फुग्याला किती?"

"पंच्याऐंशी हजार."

"चारीला?"

"एकाला. आन जोडीनंच बदला. एक नवा घातला की शेजारचा रुसतो."

मी त्याला समजावलं, की बाबा, ही गाडी आता ऐंशी लाखांची नाही, पावणेपंधराची आहे. खरं तर अकराचीच. त्या मानानं फुगा दहा-बारा हजारांना बसला पाहिजे. तो हात पुसत थांबला आणि फार मऊ आवाजात म्हणाला, "सर, किंमत गाडीची उतरली. फुग्याला ते कुणी सांगितलंच न्हाई."

एकतीस वर्षं शिकवताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तेलालाही कुणी सांगितलेलं नाही. इंजिनाला एका वेळी आठ लिटर ऑईल लागतं, तेही ठरावीक मापाचं. टायरलाही सांगितलेलं नाही. विमावाल्याला सांगितलं होतं, पण ते त्यानं फक्त भरपाईच्या रकमेपुरतं ऐकलं. डिझेलचं काय सांगावं? गावात ही लिटरला नऊ किलोमीटर जाते. पंपावर मी पाचशेचं टाक म्हणालो, तर पोरानं नोजल हातात धरून विचारलं, "कॅनमध्ये का?" संस्थान खालसा झालं तरी पागेतले घोडे चंदी जुनीच मागतात, तशातला हा प्रकार. त्यात कागदपत्रं. दिल्लीचा नाहरकत दाखला म्हणजे २८ नंबरचा फॉर्म, मग २९, मग ३०. शिवाय आपल्या राज्याचा कर नव्यानं, कारण दिल्लीत भरलेला कर दिल्लीच्या रस्त्यांपुरता. दिवाळी उलटून गेल्यावर एमएच १० चा नंबर लागला आणि गाव एका दिवसात निवळलं. लोकांनी ठरवलं, की सरांचं दिल्लीतलं दुकान बसलं.

दाजींना फोन केला, तर ते म्हणाले, "औरंगाबादवाल्यांनी २०१० साली एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. ती माणसं काय येडी होती व्हय?" नसतील. पण त्यांनी नव्या घेतल्या होत्या, आणि त्या दीडशेपैकी आज किती जणी सकाळी आपल्या पायांवर उभ्या असतात, हे मला फार जाणून घ्यायचंय.

फुग्यांसाठी एक लाख सत्तर हजार बाजूला काढले, तेव्हा आई मध्ये पडली. "कशाला दुरुस्त करतोस? आता बटण दाबायला नको, मी यायच्या आधीच बसलेली असती." तिचं खरंच आहे. दर सोमवारी सकाळी ती स्वतः दार उघडते, पायरीबियरी न घेता आत बसते आणि मग मी चावी फिरवतो. घरघर करत गाडी तिला घेऊन हळूहळू वर येते. दोनेक मिनिटं लागतात. तेवढ्यात आई गल्लीतल्या सगळ्यांना खिडकीतून हात करून घेते, आधी खालून आणि मग वरून.

फुग्यांची ऑर्डर मी अजून दिलेली नाही.