विचाराधीन

मुंबई महानगरपालिका ज्या १८८८ च्या अधिनियमान्वये आपला कारभार हाकते, त्याने नगरसेवकास प्रश्न विचारण्याचा हक्क बहाल केला आहे. उत्तर मिळण्याचा हक्क मात्र बहुधा मुद्रणदोषाने राहून गेला असावा. महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ साली संपला; त्यानंतर कित्येक वर्षे, पुढे काय, असे कोणी विचारले, की समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत, चिटणीसखात्याने हळूच सरकवलेली चिठ्ठी वाचत आणि प्रकरण विचाराधीन असल्याचे गंभीरपणे निवेदन करीत. वाहतुकीचा प्रश्न त्याहून सुटसुटीत: रस्ता पालिकेचा, पण त्यावरील खोळंबा पोलिसांचा!

बेघरांचे मात्र तसे नाही. दर लाख लोकवस्तीमागे शंभर जणांचा एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने फर्मावलेले असल्याने आणि २०११ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात गेल्याने, त्रैराशिक येणाऱ्या कोणत्याही शाळकरी पोरास सव्वाशे हा आकडा सहज काढता येतो. अडते ते जागेपाशी. ज्या शहरात शर्यतीच्या घोड्यास तबेला मिळतो, तेथे माणसासाठी जागा शोधताना भल्याभल्या अंमलदारांची दमछाक व्हावी, हे नवल खरेच. हरकतीचे मुद्दे आटोपून सभा तहकूब झाली, की सन्माननीय सदस्य पायऱ्यांवर ताटकळतात; मोटार समोरच्याच चौकात अडकलेली असते, आणि भुयारी मार्गाच्या तोंडाशी कोणी एक म्हातारा पुठ्ठा झटकून अंथरत असतो.