झोळ

1927 साली खडकी-दौंडच्या बीम केंद्रांवरून लंडनशी बिनतारी दळणवळण सुरू झालं. त्यानंतर पुणे जिल्ह्यात या क्षेत्रात घडलेली मोठी घटना म्हणजे लोणावळ्यात आमच्या गच्चीवर चढलेला माझा डायपोल अँटेना. (मध्ये खोडद परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या उभ्या राहिल्या, पण त्या नुसत्या ऐकतात. मी बोलतो.)

मे महिन्यात सात मेगाहर्ट्‌झवर माझा आवाज कोचीला पोचला. जुलैत तळेगावकरही ऐकेनात. मीटर बघितला, एसडब्ल्यूआर तीन! म्हणजे पाठवलेल्यातला पाव हिस्सा आल्या पावली परत. गुन्हेगार मी लगेच पकडला. रेडिओला 50 ओहमची केबल लागते आणि मी काटकसरीपायी टीव्हीची उरलेली 75 ओहमची जोडली होती. इम्पिडन्स जुळला नाही की लाट सांध्यावरून मागे फिरते. घरात आठवडाभर हेच प्रवचन चाललं.

त्यातला माझा लाडका दृष्टान्त बोरघाटाचा. 1863 साली घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. 1:37 चा चढ. गाडी धापा टाकत यायची, पुढे कडा. मग इंजिन या टोकाचं त्या टोकाला जायचं आणि गाडी उलट्या तोंडानं पुढचा घाट चढायची. परावर्तनच की! पण पुण्याला पोचायची. परतलेली लाटही ट्यूनर नावाची पेटी तशीच पुन्हा वर धाडते. हे सांगताना मी हातांनी गाडी करून दाखवतो. शिटीसुद्धा वाजवतो. पाहुणे चिक्कीचं खोकं उचलून निघतात.

शेवटी तळेगावच्या एका जुन्या हॅमनं, म्हणजे माझ्यासारख्याच हौशी रेडिओवाल्यानं, फोनवर माझं इंजिन थांबवलं. "अहो, पंचाहत्तर भागिले पन्नास, दीड. दीडला परत येतात चार टक्के. तीन कुठून आणलात?"

खिडकीतला सांधा उघडला. आत चमचाभर पाणी आणि हिरवी पडलेली तांब्याची जाळी. भिजलेली केबल येता-जाता दोन्ही वेळा तोंड मारते, तिथे ट्यूनर काय करणार?

जूनमध्येच आई म्हणाली होती, "वायरीला बाहेर झोळ दे रे. पाणी तिच्यावरून आत येतंय." तिचं माहेर कामशेतकडचं, भातखाचरात पाणी कुठून शिरतं ते तिला लहानपणापासून कळतं. मी म्हणालो होतो, "आई, ही रेडिओ फ्रिक्वेन्सी आहे, पन्हळ नव्हे." (माझी मुलगी झोळ म्हणजे घोटाळा समजते. तिचंही बरोबर.)

आईला हल्ली कमी ऐकू येतं. मग मी ओरडतो. ओरडलं की तिचा चेहरा मिटतो, आणि मी आणखी ओरडतो. जोड जुळलेली नसताना वॉट वाढवले तर परत येणारंही त्याच प्रमाणात वाढतं, पाव तो पावच. हे मी परीक्षेत लिहून लायसन्स मिळवलंय.

सांधा कापून नवा केला, केबलला खिडकीबाहेर झोळ दिला. पाणी झोळाच्या तळाशी येऊन थेंबथेंब गळायला लागलं. मीटर दीडवर. कोचीहून सेव्हन्टी थ्री आले, म्हणजे आमच्या लोकांचा रामराम.

आईच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो. त्या कानानं जरा बरं ऐकू येतं. हळू म्हणालो, "आई, झोळ दिला."

"दिलास?" ती म्हणाली. "मग तो टॉवेल काढते. जूनपासून रोज पिळतेय."

खिडकीत टॉवेल होता, हे मला तेव्हा कळलं.