पॉइंट कुठे आहे हो?

कोकणात शिरलेला सर्वसाधारण प्रवासी आधी समुद्र पाहतो, मग माड पाहतो, मग सुरमई थाळीचा भाव विचारतो. ई-सायकलवरून आलेला प्रवासी आधी भिंत पाहतो. भिंतीवर बोर्ड आहे का, बोर्डावर पॉइंट रिकामा आहे की त्यात टीव्हीची पिन आहे, आणि तो टीव्ही आत्ता कोण बघतंय, एवढी पाहणी झाल्यावर तो घरमालकाला नमस्कार करतो. मांडव्यापासून आंजर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊन आल्यावर काशीदचा समुद्र कसा आहे असं कोणी विचारलं, की मी सांगतो, छान आहे, शहाळेवाल्याकडे एक पॉइंट आहे, पण सैल आहे.

बरोबर शरदकाका होते. बँकेतून निवृत्त. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सायकल सांगितली, लेकीने ती बॅटरीची घेऊन दिली, आणि काकांनी पहिल्या दिवसापासून तिचं खातं उघडलं. वहीत डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. आमच्या दोन्ही सायकलींची बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची, म्हणजे ३६० वॉट-तास. हीच शिल्लक. कंपनीच्या पुस्तिकेत एका चार्जिंगला सत्तर किलोमीटर लिहिलेले होते. ते बहुधा सपाट रस्त्यावर, पाठीवर वारा घेऊन, जेवण न केलेल्या माणसाने काढलेले असावेत. आपण पायडल मारत राहिलो तर किलोमीटरला आठ-नऊ वॉट-तास जातात, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. पाय टेकवून नुसता थ्रॉटल पिळला तर पंचवीसच्या आसपास खेळ खलास.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो २०२० साली सुरू झाली, तेव्हापासून सायकल घेऊन अलिबागला जाणं सोपं झालं आहे. अलिबागेतल्या चौकात एका हवालदारांनी हात केला.

"नंबर प्लेट कुठाय?"

काकांनी वही न उघडता पाठ म्हणून दाखवलं. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, तेव्हा नोंदणी नाही, लायसन्स नाही. हवालदारांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक राउंड मारून बघू?" चौकाला प्रदक्षिणा घालून आले आणि चेहरा पाडून म्हणाले, "पंचवीसच्या पुढं मोटर सोडूनच देते की!" तेच तर कायद्यात लिहिलंय, हे त्यांना सांगायचं धाडस आम्ही केलं नाही.

चौल, रेवदंडा, साळावचा पूल. पुलाखाली कुंडलिका, वर भर दुपारचा समोरचा वारा. समोरचा वारा हा न दिसणारा घाट असतो. अशा वेळी वेगाचा हट्ट सोडावा, एक गिअर खाली यावं आणि पाय हलते ठेवावेत. वारा वेगाच्या वर्गाने वसुली करतो, असं काका म्हणाले. कर्जवसुलीचा अनुभव असल्याने त्यांना हे लगेच समजलं.

आगरदांड्याहून दिघीला खाडी ओलांडायला जंगलजेट्टी. जेट्टीवर चढताना नवख्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या सायकलींना पायडल फिरलं एवढंच कळतं, का फिरलं हे कळत नाही. काका गर्दीत उभे होते, पाय नीट टेकावा म्हणून त्यांनी पायडल सहज अर्धा फेरा फिरवलं, आणि मोटरला वाटलं निघायचं. सायकल काकांना घेऊन थेट एका मावशींच्या बोंबलांच्या टोपलीवर गेली. मावशींनी सायकलीच्या, काकांच्या आणि मुंबईच्या घराण्याचा एकत्र उद्धार केला. थांबलेलं असताना ब्रेकची मूठ दाबून ठेवावी. ब्रेक दाबला की मोटरचा करंट तुटतो. गर्दीत तर सरळ स्विच बंद करून चालत जावं. आम्ही अर्धा किलो सुके बोंबील घेऊन प्रकरण मिटवलं.

जेट्टीच्या उतरणीवर खारं पाणी असतं. त्यातून चाकं गेली, की मुक्कामी पोचल्यावर गोड्या पाण्याचा ओला फडका सगळीकडून फिरवावा, चेन कोरडी पुसावी आणि कड्यांत थेंब थेंब तेल सोडावं. नळी लावून फवारा मारू नये. या सायकली पावसाला दाद देत नाहीत, पण जोराचं पाणी मोटरच्या वायरीच्या जोडातून आणि बेअरिंगमधून आत घुसतं आणि तिथेच मुक्काम करतं.

दिघीहून बोर्लीपंचतनकडे चढ लागला आणि काकांचं ताळेबंदावरचं चित्त उडालं. बॅटरीच्या चार काड्या होत्या, त्या चढाच्या मध्यावर एक झाली. काका उतरले. उतरल्यावर दोन झाल्या. माथ्यावर सरबत पिईपर्यंत तीन. "रक्कम कुठनं जमा झाली?" काका स्क्रीनला विचारत होते. कुठूनच नाही. या साध्या स्क्रीनच्या काड्या व्होल्टेज बघून उमटतात, आणि मोटर जोरात ओढायला लागली की व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली बसतं. खरी शिल्लक बघायची तर सपाटीवर, दोन मिनिटं थांबून बघावी. चढावर काड्या मोजणारा माणूस विनाकारण म्हातारा होतो.

चढाचा खर्चही मोठा. सायकल आणि स्वार मिळून शंभर किलो धरले, तर शंभर मीटर उंची चढायला एकट्या मोटरला सपाटीवरच्या चार-पाच किलोमीटरांइतकी वीज लागते. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करावा. मागच्या चाकातली मोटर हळू फिरली की वीज कमी ओढत नाही. तीच वीज चाक फिरवण्याऐवजी उष्णतेत घालवते. मोटरला हात लावून चटका बसला, तर सावलीत बसावं. सावली, मोटर आणि गुडघा यांचं चांगलं जमतं.

दिवेआगरला एका वैनींकडे जेवायला थांबलो. ओटीवर बोर्ड होता, पॉइंट रिकामा होता, आणि माझ्या तोंडून नमस्काराच्या आधी तेच निघालं, "वैनी, पॉइंट चालू आहे का हो?"

"आहे, पण मीटर लय पळंल ना?"

काकांनी वही काढली. आमचा चार्जर ऐंशी-पंच्याऐंशी वॉटचा, म्हणजे जुन्या पंख्याएवढा. अख्खी बॅटरी भरायला अर्ध्या युनिटच्या आतबाहेर. एवढी वीज गिझर पंधरा मिनिटांत पितो. वैनींनी हिशेब ऐकला, मग आत जाऊन सांगून आल्या, "अंघोळ करत नाहीत म्हणतायत, गिझरची वीज यातच घालतायत."

चार्जर फरशीवर ठेवला. गादीवर, सतरंजीवर ठेवायचा नाही. त्याला खालून-बाजूने वारा लागतो. बॅटरी उन्हातून आली होती, म्हणून आधी अर्धा तास ओटीवर गार होऊ दिली आणि मगच पिन लावली. चार्जर दोन अँपिअरचा, तेव्हा दीड तासात तीन अँपिअर-तास, म्हणजे तीस टक्के. या प्रवासात आम्ही शिकलो ते एवढंच. बॅटरी संपली की चार्ज करायची नसते, जेवायला बसलं की करायची असते. सोलकढी सावकाश प्यायची, भात परत मागायचा, उकडीच्या मोदकाला नाही म्हणायचं नाही, वैनींच्या मुलाच्या दहावीची चौकशी करायची. तेवढ्यात दहा-बारा किलोमीटर खात्यात पडतात. मोटारवाला बिल देऊन निघून जातो. आम्हाला गावातल्या दोन भाऊबंदकीच्या केसेस माहीत झाल्या, त्यांपैकी एकीत काकांनी सल्लाही दिला.

श्रीवर्धनच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याने चाकातली जाड मोटर पाहिली आणि दोन पावलं मागे सरकला.

"याला करंट असतो काय?"

बॅटरी काढून काकांच्या हातात दिली, तेव्हा तो पुढे आला. पाना घेऊन नट सोडणार, तेवढ्यात त्याचे वडील आतून ओरडले, "चाक काढू नको रे! वायर आहे तिला." म्हातारबांनी सायकल उलटी केली. टायरवरून बोट फिरवत काटा शोधला. बाभळीचा निघाला. तेवढ्याच जागेवर दोन पट्ट्या घालून टायरची एक कड रिमबाहेर काढली, वीतभर ट्यूब ओढून घेतली, घासली, सोल्यूशन लावलं, फुंकर मारली, वाळू दिलं, पॅच दाबला, ट्यूब आत सरकवली. चाक जागेवरून हललं नाही, वायरीला धक्का नाही. मोटरवाल्या चाकाचं पंक्चर असंच काढावं. मग टायरच्या बाजूवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरली. या सायकली वीस-पंचवीस किलोंच्या; हवा कमी असली की रेंजही जाते आणि पंक्चरही लवकर होतं. म्हातारबांनी पैसे साध्या सायकलीचेच घेतले. "मोटरला आमी हात कुठं लावलाय?"

हरिहरेश्वर करून बागमांडल्याला दुसरी जंगलजेट्टी. सावित्री ओलांडली की रायगड संपून रत्नागिरी जिल्हा लागतो. वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात, ती बघितली. एवढंसं पिल्लू, जन्मल्या जन्मल्या कसलंही चार्जिंग न मागता समुद्राकडे निघालं, त्यामुळे काका थोडे ओशाळले.

केळशीत रात्री लाईट गेली ती सकाळपर्यंत आली नाही. दुसऱ्या दिवशी दीड काडीवर आडे, पाडले करत निघालो. सपाटीवर मोटर बंद, चढावर पहिल्या टप्प्यावर. लांब उतारावर ब्रेक दाबून धरायचे नाहीत, दाबायचे-सोडायचे, दोन्ही मिळून. जड सायकलीची पॅडं लवकर झिजतात. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचा चढ मात्र दोघांनी हातात सायकल धरून चढला. पुजाऱ्यांनी आमच्याकडे पाहिलं, सायकलींकडे पाहिलं. म्हणाले, "नवस होता का?"

परतीला दापोलीतून आंब्याचा टेम्पो मिळाला. ड्रायव्हरने सायकली पेट्यांच्या कडेला आडव्या बांधल्या. काका बजावत होते, बॅटऱ्या काढून घ्या, गवताजवळ नको, उन्हात नको, फार हादरे नकोत, घरी गेल्यावर अर्ध्याच भरून ठेवायच्या, पूर्ण भरून आठवडेच्या आठवडे ठेवल्या की लवकर म्हाताऱ्या होतात. ड्रायव्हरने सगळं शांतपणे ऐकलं, दोन्ही बॅटऱ्या उचलल्या, केबिनमध्ये स्वतःच्या शेजारच्या सीटवर ठेवल्या आणि खाली टॉवेल घातला.

"आणि आम्ही?" काकांनी विचारलं.

"तुम्ही मागं, पेट्यांवर. तुम्हाला काय उन्हाचं होतंय?"